ओळखीच्या माणसासाठी नियम

(स्मृतिव्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाची मुद्रित संहिता)



विषय मीच निवडला आहे, तेव्हा तो लहान वाटला तर संयोजकांना बोल लावू नका. सरकारी शाळेच्या फाटकातून आत कोणी यावं, कधी यावं आणि आल्यावर कसं वागावं, एवढ्याबद्दलच मी आज बोलणार आहे. शैक्षणिक धोरण, अभ्यासक्रम, मराठी शाळांचं भवितव्य यांवर बोलणारे पुष्कळ आहेत आणि ते चांगलं बोलतात. फाटकाबद्दल मात्र कोणी बोलत नाही.

ज्या गुरुजींच्या नावाने ही व्याख्यानमाला चालते, त्यांची हयात जिल्हा परिषदेच्या शाळांत गेली. माझी नोकरीही तिथेच झाली. आधी वर्गात, मग विस्तार अधिकारी म्हणून. म्हणजे काही वर्षं मी भेट देणाऱ्यांची धास्ती घेतली आणि पुढे मीच भेटी देत हिंडले. जीप फाटकाशी थांबली की वर्गात काय होतं, ते मला दोन्हीकडून माहीत आहे. कलकलाट एकदम थांबतो. बाई पदर सारखा करतात. पुढच्या रांगेतल्या हुशार मुलीला डोळ्याने खूण होते, आणि ज्याला अजून जोडाक्षरं वाचता येत नाहीत तो मागचा मुलगा पुस्तकात आणखी खाली वाकतो. शिकवणं तिथेच थांबतं आणि शिकवण्याचं सोंग सुरू होतं. जीप गेल्यावर ते सोंग उतरायलाही वेळ लागतो. एका भेटीपायी शाळेचा निम्मा दिवस जातो, आणि कोणत्याही शेरेबुकात त्याची नोंद नसते.

आता, ही शाळा कोणाची? 1 मे 1962 रोजी महाराष्ट्रात जिल्हा परिषदा आल्या, तेव्हापासून कागदावर मालक जिल्हा परिषद आहे. पण गावात जाऊन विचारा. जागा कोणाच्या तरी आजोबांनी दिलेली असते, पाया श्रमदानातून भरलेला असतो, एका खोलीवर देणगीदाराची संगमरवरी पाटी असते. गावातला माणूस शाळेत शिरताना आपण परक्या ठिकाणी चाललो आहोत असं मानतच नाही. मला यात वावगं काही वाटत नाही. उलट या शाळांचा जीव त्यातच आहे. ऑगस्ट 2019 मध्ये कोल्हापूर-सांगलीत पुराचं पाणी चढलं, तेव्हा माणसं शाळांतच राहिली. 2020 च्या उन्हाळ्यात मुंबई-पुण्याहून परतलेल्यांना गावांनी शाळांतच वेगळं ठेवलं. मतदान शाळेत, लसीकरण शाळेत, ऐन वेळी पाऊस आला तर लग्नाची पंगतही शाळेच्या वऱ्हांड्यात.

याची दुसरी बाजू पाहायची तर शाळा भरण्याच्या आधी जायला हवं. वऱ्हांड्यात पत्ते, प्लॅस्टिकचे ग्लास, चकण्याचे कागद. पायरीवर पिचकाऱ्या. पाण्याच्या टाकीची तोटी गायब. परिपाठाआधी हे सगळं मुलंच गोळा करतात, कारण जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शाळेला बहुधा शिपाई नसतो. रात्री तिथे बसलेल्यांपैकीच कोणाचा तरी मुलगा सकाळी झाडू मारत असतो. नावं सगळ्यांना ठाऊक असतात. तक्रार मात्र होत नाही, कारण बाईंना त्याच गावात नोकरी करायची असते, आणि बसणाऱ्यांत कोण कोणाचा पुतण्या आहे हे त्यांना चांगलं माहीत असतं.

नियम नाहीत म्हणून हे होतं का? शाळेबाहेरचे नियम तर भरपूर आहेत. शाळेबाहेर उभं राहूनही शाळेला छळता येतं, हे पुण्याला 1848 पासून ठाऊक आहे. सावित्रीबाईंवर चिखल-शेण फेकणारे शाळेत शिरत नव्हते, वाटेवरच उभे असत. आज आपल्या कायद्याने शाळेभोवती शंभराचं रिंगण आखलं आहे, आणि तेही तीनदा. 2003 च्या तंबाखू नियंत्रण कायद्याप्रमाणे शैक्षणिक संस्थेपासून 100 यार्डांच्या आत तंबाखूजन्य पदार्थ विकता येत नाहीत. 2000 च्या ध्वनिप्रदूषण नियमांत शाळेभोवतीचा 100 मीटरचा पट्टा शांतता क्षेत्र होता, दिवसा 50 डेसिबलची मर्यादा. 2017 मध्ये त्यात अशी दुरुस्ती झाली की राज्य सरकारने जाहीर केल्याशिवाय शांतता क्षेत्र ठरणार नाही. आणि तिसरं, शाळा मतदान केंद्र झाली की 1951 च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याप्रमाणे 100 मीटरच्या आत प्रचार बंद. यांतलं काटेकोर पाळलं जातं ते हे तिसरंच. तिथे चुन्याची रेघ मारलेली असते, पोलीस उभा असतो, आणि रेघ ओलांडली तर विरोधी उमेदवार आरडाओरडा करतो. मुलांच्या बाजूने आरडाओरडा करणारा उमेदवार नसल्यामुळे टपरीसमोर कधी चुना पडत नाही. तिथे तो फक्त पानाला लागतो.

फाटकाच्या आत आलं की कायदा बराचसा गप्प होतो. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टात शाळेला संरक्षक भिंत किंवा कुंपण हवं असं म्हटलं आहे. त्या भिंतीतून कोणी यावं हे त्यात नाही. भारतीय न्याय संहितेच्या 329 व्या कलमात अतिक्रमण आहे, पण त्यासाठी गुन्हा करण्याचा, धमकावण्याचा, अपमान करण्याचा किंवा त्रास देण्याचा हेतू दाखवावा लागतो. शिक्षकाच्या अंगावर कोणी धावून गेलं तर 132 वं कलम आहे. ही शेवटच्या टोकाची हत्यारं झाली. रोज शाळेत येणाऱ्यांपैकी बहुतेकांचा हेतू चांगला असतो. कोणी वह्या वाटायला येतो, कोणी मार्गदर्शन करायला, कोणी सहज. चांगल्या हेतूने येऊन तास मोडणाऱ्या माणसाला कोणतं कलम लावणार?

पालक मात्र या हिशेबात वेगळे धरावे लागतात. शिक्षण हक्क कायद्याचं 21 वं कलम शाळा व्यवस्थापन समितीत किमान तीन चतुर्थांश पालक घ्या म्हणतं आणि निम्म्या जागा स्त्रियांना देतं. शाळेच्या कामकाजावर देखरेख ठेवणं हे या समितीचं काम आहे. 24 वं कलम शिक्षकाला सांगतं की पालकांच्या नियमित सभा घ्या आणि मुलाची हजेरी, प्रगती त्यांच्या कानावर घाला. म्हणजे आईला शाळेत येऊन विचारण्याचा हक्क कायद्यानेच दिलेला आहे. प्रत्यक्षात फाटकावर अडवली जाते ती हीच. शेतावर जाताना डोक्यावर पाटी घेऊन आलेली बाई 'पोराला बरं नव्हतं, गोळी द्यायचीय' म्हणत बाहेर तिष्ठत राहते, आणि पांढऱ्या गाडीतून आलेला माणूस विचारल्याशिवाय सरळ वर्गात जातो. नियम असलेल्या आणि नसलेल्या, दोन्ही तऱ्हेच्या शाळांत मी हे पाहिलं आहे.

या संदर्भात अमेरिकेतला एक जुना खटला मला फार शिकवून गेला. इलिनॉय राज्यातल्या रॉकफर्ड गावी 1969 च्या एप्रिलमध्ये एका सरकारी हायस्कूलसमोर सुमारे दोनशे जणांनी निदर्शनं केली. कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांच्या तक्रारी शाळा ऐकत नाही, हे कारण. गावाचे दोन नियम होते. एक असा की शाळेच्या वेळेत 150 फुटांच्या आत निदर्शनं करायची नाहीत, फक्त कामगारांच्या वादातली शांततापूर्ण निदर्शनं चालतील. दुसरा असा की शाळा चालू असताना शेजारी उभं राहून शाळेच्या कामात अडथळा येईल असा गोंगाट करायचा नाही. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं, 1972 मध्ये निकाल लागला. पहिला नियम रद्द झाला, दुसरा टिकला. पहिल्यात एका गटाला सूट होती. दुसरा सगळ्यांना सारखा होता आणि शाळेच्या कामात व्यत्यय येतो की नाही एवढंच पाहत होता. तुम्ही कोण, तुमचं म्हणणं काय, याच्याशी त्याला देणंघेणं नव्हतं. आपल्या फाटकांवर कधी पाट्या लागल्या तर त्या लिहिण्याआधी हा निकाल कोणीतरी मोठ्याने वाचून दाखवावा.

अमेरिकेतल्या शाळांत आता पाहुण्याला आधी कार्यालयात जावं लागतं. ओळखपत्र दाखवायचं, नोंद करायची, छातीवर चिठ्ठी लावायची, मग पुढे. नातवाला शाळेतून आणायला गेलेल्या आपल्याकडच्या किती आजोबांनी मला हा अनुभव ऐकवला आहे! मुलाने यादीत नाव घालायचं राहिलं होतं, म्हणून शाळेने नातू हाती दिला नाही. 'अहो, तो मला आबा म्हणून हाक मारत होता, तरी नाही!' आजोबा रागाने सांगतात, पण त्या रागात थोडं कौतुकही असतं. हेच आबा इथे आले की जिल्हा परिषदेच्या शाळेत न विचारता जातात आणि मुलांना बोधपर भाषण देऊन येतात.

तिकडची पद्धत उचलून इथे आणा, असं मी म्हणत नाही. ती येणारही नाही. 'प्रथम कार्यालयात संपर्क साधावा' अशी पाटी दोनशिक्षकी शाळेवर लावली तर कार्यालय दाखवणार कुठे? तिथे मुख्याध्यापक म्हणजेच पहिली-दुसरीचे गुरुजी, आणि कार्यालय म्हणजे त्यांच्या वर्गातलं लोखंडी कपाट. पाहुण्याने कार्यालयात संपर्क साधला की पहिली-दुसरीचा वर्ग बंद. त्यातच जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणुका ही कामं 27 व्या कलमाने शिक्षकाला माफ नाहीत, त्यामुळे दोनातला एक शिक्षक गावात नाही असे दिवसही येतात.

शिवाय कुलपाने सगळं भागत नाही. 14 डिसेंबर 2012 रोजी अमेरिकेतल्या सँडी हूकच्या शाळेचं दार बंदच होतं; मारेकऱ्याने काच फोडली आणि 20 मुलं व 6 मोठी माणसं मारली. याहून विचार करायला लावणारी घटना जपानची आहे. ओसाकाजवळच्या इकेदा इथल्या प्राथमिक शाळेत 8 जून 2001 रोजी एक माणूस सुरा घेऊन उघड्या फाटकातून आत गेला आणि त्याने 8 मुलांचा जीव घेतला. शाळा समाजासाठी मोकळ्या असाव्यात, असा विचार त्या काळी जपानमध्ये जोरात होता. आत येताना तो एका शिक्षकाच्या समोरून गेला. कोणाचा तरी पालक असावा असं समजून शिक्षक पुढे गेले. 'आपण कोण, काय काम आहे?' एवढं विचारणं त्या संस्कृतीत अवघड वाटलं असेल. आपल्याकडे ते सोपं आहे असं समजू नका. बाहेरच्याला आपण विचारतो. चेहरा ओळखीचा असला की आपली जीभ अडखळते.

आणि खरी अडचण ओळखीच्याचीच आहे. ऑगस्ट 2024 मध्ये बदलापूरच्या एका खासगी शाळेत दोन चिमुरड्यांवर अत्याचार झाल्याचं उघड झालं, लोक रेल्वेच्या रुळांवर उतरले, उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली. आरोप कोणा घुसखोरावर नव्हता. तो शाळेतल्याच सफाई कर्मचाऱ्यावर होता. राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाचे अहवाल वर्षानुवर्षं सांगत आले आहेत की मुलांवरच्या लैंगिक अत्याचारांत बहुतेक आरोपी मुलाच्या ओळखीचे असतात. बदलापूरनंतर सरकारने सीसीटीव्ही, कर्मचाऱ्यांची चारित्र्य पडताळणी, तक्रारपेटी, सखी सावित्री समिती यांबाबत पुन्हा आदेश काढले. आदेश चांगले आहेत. पण ज्या शाळेचं वीजबिल थकून मीटर काढून नेलेलं असतं, तिथे कॅमेरा काय टिपणार? चारित्र्य पडताळणी कर्मचाऱ्याची होते. रोज वऱ्हांड्यात येऊन बसणाऱ्या, मुलांना गोळ्या-बिस्किटं देणाऱ्या, गुरुजींना 'काय गुरुजी!' म्हणून टाळी देणाऱ्या गावकऱ्याची कोण करणार? तो चांगलाच माणूस असेल. शंभरात नव्याण्णव वेळा असतो. म्हणूनच त्याच्या चारित्र्याची चौकशी न करता लागू पडेल असा नियम हवा, की शाळेच्या वेळेत मोठ्या माणसाने कोणत्याही मुलाबरोबर एकट्याने, दाराआड थांबायचं नाही. सरपंच असो, संगणक शिकवायला आलेला स्वयंसेवक असो, की कीर्तनकार महाराज असोत. नियम सगळ्यांना असला की कोणावर संशय घेतल्यासारखं होत नाही. शंका आली तर पोक्सो कायद्याच्या 19 व्या कलमाप्रमाणे ती पोलिसांना कळवावीच लागते, आणि न कळवणं हा 21 व्या कलमाखाली गुन्हा आहे. 'गावातलं प्रकरण गावात मिटवू' याला तिथे जागा नाही.

आता ज्या पाहुण्यांवर कोणी बोलत नाही त्यांच्याकडे येते. साहेब, देणगीदार, पुढारी आणि कॅमेरा.

साहेबांपासून सुरुवात करते, कारण तो धंदा माझा. तपासणी हवीच. गरिबाच्या मुलाच्या शाळेत कोणी डोकावलंच नाही, तर तिथे काय चालतं ते बाहेर येणार नाही. पण तपासणी ज्या रीतीने होते ती मला कधी पटली नाही. साहेब वर्गात आले की मुलं उभी राहतात, 'एक साथ नमस्ते' होतं, खुर्ची पुसली जाते, आणि साहेब मुलांसमोरच बाईंना विचारतात, 'टाचण कुठे आहे?' चाळीस डोळे बाईंकडे लागतात. उद्या याच मुलांना याच बाई शिस्त लावणार असतात. याहून वाईट प्रश्न मुलांना विचारला जातो: 'तुमचे सर रोज वेळेवर येतात का रे?' आठ वर्षांच्या पोराने आपल्या गुरुजींविरुद्ध साक्ष द्यायची, आणि साहेब गेल्यावर त्याच गुरुजींच्या हाताखाली बसायचं. हजेरीपट आहे, हालचाल रजिस्टर आहे, समितीचे पालक आहेत; त्यांना विचारा. मुलाला फार तर धडा वाचायला सांगा, तोही मागे त्याच्या शेजारी बसून.

शेरेबुक तुम्ही पाहिलं असेल. 'शाळेस आज आकस्मिक भेट दिली. पट इतका, हजर इतके. विद्यार्थ्यांना पाढे विचारले. प्रगती समाधानकारक. परिसर स्वच्छ. शालेय पोषण आहाराची चव घेतली, चांगली होती.' खाली शिक्का. पिढ्यान् पिढ्या हाच मजकूर, अक्षर तेवढं वेगळं. मला त्यात दोन रकाने वाढवावेसे वाटतात: पाहुणे किती वाजता आले आणि कोणता तास बुडाला. वर्षाच्या शेवटी समितीने ती बेरीज ग्रामसभेत वाचून दाखवावी. कोणाला बोलायची गरज पडणार नाही, आकडाच बोलेल.

देणगीदारांबद्दल बोलणं अवघड आहे, कारण त्यांच्यामुळे कितीतरी शाळांना छप्पर मिळालं आहे. पण वह्यावाटपाचा कार्यक्रम एकदा मुलाच्या उंचीवरून पाहा. सकाळपासून फ्लेक्स बांधायला मोठी मुलं लावलेली. पाहुणे अकराला येणार ते साडेबाराला येतात, तोवर मुलं रांगेत उन्हात. खिचडी निवून जाते. मग 'गरजू विद्यार्थ्यांनी पुढे यावं' असं माईकवरून जाहीर होतं. कोण गरजू आहे हे आतापर्यंत वर्गात कोणी मोजलं नव्हतं. आता ते साऱ्या गावासमोर ठरतं. एक मुलगी पुढे येते, वही घेते, वळते. तेवढ्यात फोटो काढणारा म्हणतो, 'थांब, नीट आला नाही, वही परत दे.' ती वही परत देते. पाहुणे पुन्हा देतात. ती पुन्हा हात पुढे करते. त्या संध्याकाळी पाहुण्यांच्या भिंतीवर तो फोटो झळकतो आणि खाली हात जोडल्याची चिन्हं पडतात. वही बारा आण्याची की पन्नास रुपयांची, हा मुद्दाच नाही. दोनदा हात पसरायला लावण्याचा हक्क कोणत्याच वहीने मिळत नाही. वह्यांचा गठ्ठा मुख्याध्यापकांकडे द्या, पावती घ्या, घरी जा. फोटो गठ्ठ्याचा काढा.

पुढाऱ्यांसाठी निवडणूक आयोगाने एक चौकट आधीच घालून दिली आहे, आणि ती मला शहाणपणाची वाटते. शाळेचं मैदान सभेला मिळू शकतं. पण शाळेच्या वेळापत्रकात व्यत्यय यायला नको, व्यवस्थापनाची हरकत नसावी, आधी परवानगी घ्यावी, जो आधी मागेल त्याला आधी, आणि एकाच पक्षाने मैदान अडवून ठेवायचं नाही. निवडणुकीच्या धामधुमीत जे जमतं ते एरवी का जमू नये? मंत्र्यांच्या स्वागताला लेझीम घेऊन रस्त्यावर मुलं उभी करताना वेळापत्रकात व्यत्यय येतो की नाही, असं विचारणारा मुख्याध्यापक माझ्या पाहण्यात फारसा आला नाही. त्याला दोष देत नाही. त्याची बदली ज्यांच्या हातात, त्यांनाच त्याने अडवायचं!

राहिला कॅमेरा. हल्ली फोन आणि माईकचं बोंडूक एवढं भांडवल पुरतं. माणूस थेट वर्गात येतो, सातवीच्या मुलाला उभं करून 'राष्ट्रपती कोण?' विचारतो, मूल गांगरतं, चुकतं, आणि 'पाहा, शिक्षणाचे तीनतेरा' या मथळ्याखाली ते मूल हजारो लोक पाहतात. ज्या वयात चुकायचं ते वय असं चव्हाट्यावर येतं. तो मुलगा पुढे कितीही शिकला तरी ती चित्रफीत तशीच राहते.

पण इथे मी थांबते, कारण याची दुसरी बाजू जड आहे. ऑगस्ट 2019 मध्ये उत्तर प्रदेशातल्या मिर्झापूर जिल्ह्यात एका सरकारी शाळेत मुलांना दुपारच्या जेवणात मीठ-पोळी वाढली जात होती. पवन जैस्वाल नावाच्या स्थानिक पत्रकाराने त्याचं चित्रण केलं, देशभर गाजलं, आणि गुन्हा दाखल झाला तो पत्रकारावरच. पुढे पोलिसांनी त्यांना निर्दोष ठरवलं. 'परवानगीशिवाय चित्रीकरण नको' असा नियम त्या दिवशी काटेकोर पाळला असता तर मुलं मीठ-पोळीच खात राहिली असती. त्याआधी जुलै 2013 मध्ये बिहारच्या सारण जिल्ह्यात कीटकनाशकाचा अंश असलेल्या आहाराने 23 मुलं दगावली. वाढण्याआधी शिक्षकाने आणि पालकाने चव घ्यायची, ही पद्धत अशा दुर्घटनांमुळेच आवश्यक ठरते. म्हणून 'पत्रकारांना प्रवेश बंद' अशी पाटी ज्या शाळेवर दिसेल त्या शाळेबद्दल मला पहिली शंका येईल. माझं म्हणणं एवढंच, की ताटाचं चित्रण करा, गळक्या छपराचं करा, कुलूप लावलेल्या स्वच्छतागृहाचं करा, मुख्याध्यापकांना आणि गटशिक्षणाधिकाऱ्यांना पाहिजे तेवढे प्रश्न विचारा. मुलाचा चेहरा आणि मुलाची चूक यांना हात लावू नका. जैस्वाल यांनी जे दाखवलं ते शाळेच्या ताटात होतं. मुलांना त्यांनी परीक्षेला बसवलं नव्हतं.

कागद मागायला येणारे नागरिक ही वेगळी गोष्ट आहे आणि त्यांचा हक्क पक्का आहे. 2023 च्या अखेरीस कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला, तेव्हा जुन्या प्रवेश-निर्गम रजिस्टरांसाठी माणसांची शाळांत रीघ लागली. मोडी वाचणारे आले, चुरगळलेली पानं उलटली गेली, दाखल्यांसाठी तगादे लागले. त्या कागदावर एखाद्या घराचं पुढचं सगळं अवलंबून असतं. तिथे 'उद्या या' म्हणणारा गुरुजी मला आवडत नाही. पण तास चालू असताना कपाट उघडायला लावणारा नागरिकही आवडत नाही. आठवड्यातले दोन दिवस, शाळा सुटल्यावरचा अर्धा तास, एवढं ठरवून पाटी लावली तर दोघांचंही भागतं.

शेवटी मुलाला घरी नेण्याचा प्रश्न. 'फक्त आई-वडिलांच्याच ताब्यात द्यावे' असा नियम पुण्या-मुंबईत शोभतो. बीड जिल्ह्यातल्या एखाद्या तांड्यावर ऑक्टोबर उजाडला की आई-वडील ऊसतोडीला जातात, ते थेट गळीत हंगाम आटोपल्यावर येतात. मूल आजीकडे किंवा हंगामी वसतिगृहात. मध्येच मुकादमाचा माणूस मोटारसायकलवर येतो, 'हिच्या आईने बोलावलंय, धाकट्याला सांभाळायला' म्हणून दहा वर्षांच्या पोरीला मागे बसवतो. पोरीची शाळा त्या वर्षापुरती तिथेच संपते, पुष्कळदा कायमची. त्या मोटारसायकलीला कोण अडवणार? एकट्या बाईंना अडवणं जमत नाही. प्रत्येक मुलामागे, त्याला कोण नेऊ शकतं त्या दोन-तीन माणसांची नावं जूनमध्येच लिहून घेतलेली असली, त्यावर आईचा अंगठा असला, आणि यादी समितीच्या सही-शिक्क्याची असली, तर बाईंना 'मी नाही म्हणत, यादी म्हणते' असं सांगता येतं. गावात नोकरी करणाऱ्या बाईला अशा आधाराची फार गरज असते. यादीत आजीचं नाव सगळ्यात वर असावं. आणि ती आजी दुपारी नातवाला पाहायला आली तर तिला बसायला लिंबाखाली एक बाकडं असावं, पाणी विचारावं.

श्रोतेहो, तुमच्यात ग्रामपंचायतीचे सदस्य आहेत, समित्यांचे अध्यक्ष आहेत, वह्या वाटणारे आहेत, बातम्या देणारे आहेत, आणि माझे जुने सहकारी साहेबही समोर बसलेले मला दिसतात. येत्या ग्रामसभेत शाळेच्या फाटकाचा विषय घ्या. मोठी नियमावली नको. कोणत्या वेळेत यायचं, कुठे बसायचं, वहीत काय लिहायचं, मूल कोणाच्या हाती द्यायचं आणि फोटो कशाचा काढायचा नाही, एवढं एका पाटीवर मावेल. ती पाटी शिक्षकाच्या नावाने लावू नका. ठरावाचा क्रमांक घालून गावाच्या नावाने लावा, म्हणजे अडवताना तो एकटा पडणार नाही. पहिल्याच आठवड्यात सरपंचांनी स्वतः फाटकापाशी थांबून वहीत नाव लिहावं. आणि पुढच्या वेळी शाळेत जाल, वर्ग चालू असेल, तर मधल्या सुट्टीपर्यंत बाहेर थांबा. बरोबर कोणी मोठे साहेब असतील, तर त्यांनाही थांबवा.